कवडसा पकडायचा कसा? मोठेपणी पुन्हा नवल वाटावं म्हणून

कौलारू घरात जमिनीवर कवडसा पडला की रांगतं मूल तो मुठीत धरायला जातं. मूठ मिटते आणि कवडसा मुठीवर येऊन बसतो. मूल मूठ उघडून बघतं, पुन्हा मिटतं, पुन्हा बघतं. त्याच खोलीत बसलेल्या मोठ्या माणसाला कवडसा दिसलेला असतो, पण "कवडसा आहे" एवढं मनात म्हणून त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. नाव ठाऊक झालं की आपण बघायचं थांबतो.

मुलाला नवल वाटतं कारण त्याने मनात काहीतरी धरलेलं असतं. मूठ मिटली की कवडसा आत राहील, हा त्याचा अंदाज असतो आणि तो चुकतो. मोठी माणसं अंदाजच करत नाहीत, मग चुकणार काय आणि नवल वाटणार कशाचं? म्हणून इथली सगळी कृती एका नियमावर उभी आहे: आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं. मनातल्या मनात केलेला अंदाज चालत नाही. प्रत्यक्ष बघितल्यावर "मला असंच वाटलं होतं" असं मन बेलाशक सांगतं. शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर तारीख आणि अंदाज, उजव्या पानावर जे दिसलं ते. अंदाज पेनाने लिहा, म्हणजे खोडता येणार नाही.

"सगळ्या जगाकडे कुतूहलाने बघा" हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण त्याने काही होत नाही. एक भोक घ्या, एक जागा घ्या आणि तिथे वर्षभर बघा. लहानपणीचा पहिलेपणा परत येत नाही हे खरं. पण मुलाकडे नसलेल्या दोन गोष्टी मोठ्यांकडे असतात: वर्षभर थांबायची ताकद आणि भागाकार. कवडशाला दोन्ही लागतात.

सुरुवात झाडाखाली

पहिल्या दिवशी काही विकत आणू नका. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान एखाद्या उंच, दाट झाडाखाली जा. चिंच सगळ्यात चांगली, वड-आंबाही चालतो. वर बघा आणि पानांमधल्या फटी कोणत्या आकाराच्या आहेत ते वहीत काढा. त्रिकोणी, लांबट, वेड्यावाकड्या असतील, गोल एकही सापडणार नाही. आता जमिनीवर ठिपके कोणत्या आकाराचे पडले असतील याचा अंदाज लिहा आणि मग खाली बघा.

ठिपके गोल किंवा अंड्यासारखे दिसतील. अंड्यासारखे दिसतात कारण ऊन तिरपं येतं. पांढरा पुठ्ठा उन्हाच्या रेषेला काटकोनात धरला की तोच ठिपका गोल होतो. फट कशीही असो, खाली उमटतं ते सूर्याचं चित्र, आणि सूर्य गोल आहे. झाडाखाली पडलेला प्रत्येक ठिपका म्हणजे एकेक सूर्य. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं, तेव्हा महाराष्ट्रात झाडांखाली पडलेले सगळे ठिपके चंद्रकोरीसारखे झाले होते. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारी उशिरा पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. पावसाचे दिवस असतील, पण ढगांनी उघडीप दिली तर पश्चिमेच्या खिडकीतला कवडसा विसरू नका.

बुटक्या झुडपाखाली हे जमत नाही. फट जमिनीपासून फार जवळ असली की फटीचाच आकार पडतो. निदान तीन-चार मीटर उंची हवी.

घरातला कवडसा बसवणं

आता भोक आपलं, आपल्या मापाचं. पुठ्ठ्याला नुसतं भोक पाडू नका. पुठ्ठा जाड असतो, भोकाचा बोगदा होतो आणि तिरपं ऊन कडेला अडतं. पुठ्ठ्यात पाच सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा, तिच्यावर पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल ताणून चिकटपट्टीने लावा आणि फॉइलला दाभणाने ३ मिलिमीटरचं भोक पाडा. फॉइल फाटली तर दुसरी लावायची, पुठ्ठा तोच राहतो.

कौलारू घर असेल तर उजेडासाठी बसवलेल्या काचेच्या कौलाखाली हा पुठ्ठा लावता येतो, कौल फोडायची गरज नाही. मात्र काच खरबरीत किंवा धुळीने माखलेली असली तर ऊन विखुरतं आणि कवडसा उमटतच नाही. फायबरच्या पत्र्याखाली तर हमखास हेच होतं. पत्र्याला आधीच खिळ्याचं भोक असेल तर उत्तम, पण मुद्दाम पाडलंत तर मृगाच्या आधी बुजवायची तयारी ठेवा. शिडीवर चढताना खाली धरायला कोणीतरी हवंच.

स्लॅबच्या घरात छताला भोक नाही, तिथे खिडकी वापरा. पूर्वेची खिडकी सकाळी चालते. दक्षिणेची खिडकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी भर दुपारी चालते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. खिडकीचा बाकीचा भाग काळ्या कागदाने किंवा जाड चादरीने झाका.

भोकातून सूर्याकडे कधीही बघू नका. पाठ उन्हाकडे, डोळे जमिनीकडे. मुलांना हे कृतीच्या आधी सांगा.

मोजा

भोकापासून कवडशापर्यंतचं तिरपं अंतर टेपने मोजा. मग कवडशावर पुठ्ठा काटकोनात धरून त्याची रुंदी मोजा आणि तीतून भोकाची रुंदी वजा करा, कारण भोकामुळे कडा तेवढी पसरते. समजा अंतर २७०० मिलिमीटर, कवडसा २८ आणि भोक ३. मग २५ उरले. २७०० भागिले २५ म्हणजे १०८.

दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या उंचीवर किती येईल याचा अंदाज लिहा आणि पुन्हा मोजा. पुन्हा १०७-१०८ च्याच आसपास येतं. कारण सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०७ पट दूर आहे. अंतर १५ कोटी किलोमीटर धरून १०७ ने भागलं की १४ लाख किलोमीटर येतं, आणि सूर्याचा व्यास जवळपास तेवढाच आहे. मधल्या घरात, फरशीवर उकिडवं बसून, शिंप्याच्या टेपने काढलेला हा आकडा आहे. इथे घाई करू नका. भागाकार स्वतः करा, मोबाइलवर उत्तर शोधू नका. आयतं मिळालेलं १४ लाख आणि आपल्या हातून निघालेलं १४ लाख यांत फार फरक असतो.

मापात २५ ऐवजी ३५ येत असेल तर भोक मोठं आहे किंवा कवडसा पुठ्ठ्यावर तिरपा पडतोय. कडा फार पुसट असेल तर खोलीत उजेड जास्त आहे.

दोन मिनिटं

कवडशाभोवती खडूने गोल काढा. तो गोलातून पूर्ण बाहेर पडायला किती वेळ लागेल, त्याचा अंदाज लिहा. बहुतेकजण पंधरा-वीस मिनिटं लिहितात. घड्याळ लावा.

दोन मिनिटांहून थोडाच जास्त वेळ लागतो. कवडसा स्वतःच्या रुंदीएवढा सरकून पूर्वेकडे गेलेला असतो. भोक छतात तीन मीटरवर असेल तर दुपारी तो मिनिटाला साधारण १३ मिलिमीटर चालतो. कडेवर नजर रोखून, श्वास शांत ठेवून बसलात तर चालताना दिसतो. चालते ती पृथ्वी, आणि घर, फरशी, तुम्ही असे सगळे तिच्यावर बसून चाललेले असता. हे वाक्य शाळेत पाठ केलेलं असतं, पण खडूच्या गोलातून कवडसा निसटताना पाहिला की ते पहिल्यांदा खरं वाटतं.

उन्हाच्या झोतात धूळ नाचताना दिसते. ती आपोआप नाचते असं समजू नका. झोताखाली तळहात धरा आणि धुळीचं काय होईल ते आधी लिहा. हाताच्या उबेने हवा वर चढते आणि धूळ तिच्याबरोबर. उदबत्तीचा धूर सोडला तर आणखी स्पष्ट दिसतं. पंखा बंद ठेवा.

वर्षभराचे ठिपके

दर रविवारी दुपारी बरोबर साडेबाराला कवडशाच्या मध्यावर खूण करायची. खडू पहिल्या फडक्यात जातो, म्हणून तैलरंगाचा बारीक ठिपका द्या आणि शेजारी तारीख लिहा. शेणाने सारवलेल्या जमिनीत बारीक खिळे ठोका. भोकातून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकतो तिथेही कायमची खूण करा. गवंड्याकडचा ओळंबा नसेल तर दोरीला बांधलेला मोठा नटबोल्ट चालतो.

पुठ्ठा वर्षभर हलता कामा नये. एक सेंटिमीटर सरकला तर सगळे ठिपके सरकतात. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. पुठ्ठा चिकटपट्टीवर न सोडता चार खिळ्यांनी पक्का करा, आणि दर महिन्याला ओळंबा सोडून खूण जुळते का बघा.

भोक तीन मीटर उंच असेल तर साताऱ्यात डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारचा कवडसा ओळंब्याच्या उत्तरेला सुमारे २ मीटर ६० सेंटिमीटरवर पडतो. मग दर आठवड्याला तो दक्षिणेकडे सरकत येतो. भिंत, खाट, कपाट मध्ये येणार का, ते डिसेंबरमध्येच बघून ठेवा.

आता खरा अंदाज. मेच्या अखेरीस भर दुपारी कवडसा ओळंब्याच्या कोणत्या बाजूला असेल? जवळजवळ सगळे "उत्तरेलाच, फक्त जवळ" असं लिहितात. पण १० मेच्या आसपास साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमारास कवडसा ओळंब्याच्या खुणेवर पडतो. सांगलीत हे ७ मेच्या आसपास होतं, दोन मिनिटं आधी. दिवस चुकला तरी हताश होऊ नका, त्या दिवसांत कवडसा रोज फक्त दीड सेंटिमीटर सरकतो. वळवाचे ढग दुपारनंतर दाटतात, बाराला आकाश बऱ्याचदा मोकळं असतं. आणि त्यानंतर कवडसा खुणेच्या दक्षिणेला जातो. जूनच्या २१ तारखेला तो दक्षिणेला ३० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे मे-जून-जुलैत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. जन्म इथेच गेलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं, कारण सावली कोणत्या बाजूला पडते हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कवडसा पुन्हा खुणेवरून उत्तरेकडे जातो, पण तेव्हा ऊन मिळणं नशिबावर.

जून ते सप्टेंबर ठिपके तुटतील. सातारा-महाबळेश्वराकडे जास्त, माण-खटाव आणि जत-आटपाडीकडे कमी. तुटलेले राहू द्या, अंदाजाने भरू नका. वर्ष संपलं की ठिपके एका रेषेत बसत नाहीत, त्यांचा इंग्रजी आठ होतो. त्याचा डिसेंबरकडचा फुगा सुमारे हातभर रुंद असतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि ती सूर्याभोवती एकसारख्या वेगाने फिरत नाही, म्हणून घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार मागेपुढे होतात. पण हे कारण वर्षाच्या शेवटी वाचा. आठ आधी आपल्या फरशीवर उमटू दे.

आरशाचा तुकडा

एका दुपारचं काम. आरशाचा दोन सेंटिमीटरचा त्रिकोणी तुकडा घ्या आणि कडांना चिकटपट्टी लावा. कणकेच्या गोळ्यात रोवला की हात हलत नाही. एक मीटरवरच्या भिंतीवर पाडलेला कवडसा त्रिकोणी दिसेल. पंधरा मीटरवर कसा दिसेल? बहुतेक जण "मोठा त्रिकोण" लिहितात. वाड्याच्या किंवा शाळेच्या लांब ओसरीत सावलीतल्या भिंतीवर पाडून बघा: पुरा गोल, सुमारे १४ ते १६ सेंटिमीटरचा. मागे मागे जात त्रिकोणाचे कोपरे कुठे विरतात, ती जागा शोधा. रस्त्यावर किंवा कोणाच्या डोळ्यांवर आरसा पाडायचा नाही.

चाळिशी आणि अजिंक्यतारा

वाचायचा चष्मा लागला की माणूस म्हातारा झाल्यासारखा खंतावतो. तोच चष्मा इथे कामाला येतो. खोली काळोखी करा, खिडकीच्या पुठ्ठ्याला अडीच सेंटिमीटरचं गोल भोक पाडा आणि त्यावर चष्म्याची एक काच टेकवा. नंबर १ असेल तर काचेपासून एक मीटरवर पांढरा कागद धरा, दीड असेल तर ६७ सेंटिमीटरवर, दोन असेल तर ५० वर. दुहेरी चष्म्याचा फक्त खालचा वाचायचा भाग वापरा, नाहीतर दोन चित्रं एकमेकांत मिसळतात.

कागदावर बाहेरचं सगळं रंगीत आणि उलटं उमटतं. साताऱ्यात दक्षिणेची खिडकी असेल तर अजिंक्यतारा किल्ला माथा खाली करून लटकलेला दिसतो, वरचा मनोरा कागदाच्या तळाशी. शहराकडची बाजू उत्तरेची असल्याने हिवाळ्यात तिच्यावर ऊन तिरपं पडतं. मेमध्ये सकाळी नऊच्या आत तिच्यावर ऊन येतं, तेव्हा चित्र चांगलं उजळ. रस्त्यावरून डावीकडे गेलेली दुचाकी कागदावर कुठे जाईल, हे आधी लिहा. आणि काम झालं की काच खिडकीतून काढा. थेट ऊन तिच्यातून आलं तर कागद पेटायचा धोका असतो.

ऊन नसेल तेव्हा

पावसाळ्यात हळद घ्या, सांगलीकरांना ती काय सांगायची. एक चमचा हळद दोन चमचे सॅनिटायझरमध्ये कालवा, पांढरा कागद बुडवून वाळवा आणि त्यावर चुन्याच्या निवळीने लिहा. अक्षरं लाल उमटतात. हळदीपासून कुंकू असंच होतं. करंड्यात दोन्ही शेजारी शेजारी ठेवताना हे किती जणांच्या मनात येतं? आता त्या लाल अक्षरावर लिंबाचा थेंब टाकला तर काय होईल, ते लिहा आणि टाका.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कासच्या फुलांच्या पठारावर जाणार असाल (हंगामात आधी नोंदणी लागते) तर दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या. बहुतेकांना भिंग धरता येत नाही. हात लांब करून फुलावर धरलं की काहीच नीट दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि वाकून फुलाच्या अडीच सेंटिमीटर जवळ जा. पायवाट सोडू नका, काही तोडू नका. दुपारी बाराला सगळ्या गवतावरचं दव उडून गेलेलं असतं, तरी एका छोट्या झाडाच्या पानांवर थेंब चमकत राहतात. का, ते भिंग लावायच्या आधी लिहा. ते दवबिंदू नावाचं झाड आहे आणि ते थेंब चिकट असतात. त्यांत अडकलेला बारीक कीटक बऱ्याचदा दिसतो. कातळावरच्या पातळ मातीत नत्र कमी, म्हणून ही सोय. सीतेची आसवंही कीटकभक्षी, पण तिचे सापळे मातीत असतात आणि ते उपटून बघायचे नाहीत.

मुलं सोबत असतील तर

मुलाचा अंदाज आधी लिहायचा, त्याच्याच शब्दांत. मोठ्यांचा आधी लिहिला की मूल तोच उचलतं. "आजी, हा गोलच का गं?" असं विचारलं तर उत्तर ठाऊक असलं तरी "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. ती शांतता मोठ्यांना सोसत नाही, पण सोसा. "भोक गोल आहे म्हणून" असं म्हणालं तर "चूक" म्हणू नका, फॉइलला चौकोनी भोक पाडून त्याच्या हातात द्या. "सूर्याला गोल आवडतो" म्हणालं तर तेही वहीत जाऊ दे.

मध्येच एखादा मुंगळा निघाला आणि मूल त्याच्यामागे गेलं तर जाऊ द्या. कवडसा दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा येतो, बोटभर सरकून. फक्त दिवाळीच्या साफसफाईआधी घरातल्या सगळ्यांना फरशीवरचे ठिपके दाखवून ठेवा, आणि ट्रेसिंग पेपर अंथरून एकदा उतरवून घ्या.